डोक्याला मार लागल्यावर रक्ततपासणी आणि स्कॅनच्या बाबतीत या चुका टाळा

"नक्की किती वाजता पडले?" अपघात विभागात मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि नातेवाईक एकमेकांकडे बघतात. कुणी नऊ सांगतं, कुणी साडेदहा. वेळ लक्षात न ठेवणं ही पहिली चूक, कारण पुढचा बराच हिशेब तिच्यावर असतो.

मेंदूला इजा झाली की त्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. यूसीएच-एल१ साधारण ८ तासांत सर्वांत वर जातं आणि ओसरू लागतं. जीएफएपी २० तासांच्या आसपास टोक गाठतं, नंतर काही दिवस सापडतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये या जोडीच्या तपासणीला परवानगी दिली ती दुखापतीनंतर १२ तासांच्या आत घेतलेल्या रक्तापुरती. २०२४ मध्ये मान्य झालेली, रुग्णाजवळच १५ मिनिटांत निकाल देणारी चाचणी २४ तासांपर्यंत चालते. तिसऱ्या दिवशी रक्त देऊन "निगेटिव्ह आलं" म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरी चूक म्हणजे पॉझिटिव्ह आलं की इजा गंभीर आहे असं धरून चालणं. ही तपासणी एवढंच विचारते: किरकोळ वाटणाऱ्या दुखापतीत सीटी करायची गरज आहे का? वेळेत घेतलेलं रक्त निगेटिव्ह असेल तर सीटीत रक्तस्राव दिसण्याची शक्यता फार कमी. पॉझिटिव्ह आलेल्या अनेकांची सीटी मात्र स्वच्छ निघते. वयाबरोबर जीएफएपीची पातळी तशीही वाढते. मेंदूच्या इजेसाठी रक्तात पाहिलं जाणारं आणखी एक प्रथिन, एस१००बी, तर चरबीतही असतं. त्यामुळे पाय मोडलेल्या माणसात ते वाढलं, तर दोष मेंदूचाच असं म्हणता येत नाही.

आता जी चूक मला सर्वांत जास्त छळते तिच्याबद्दल. बाइकवरून पडलेला एक तरुण तीन आठवड्यांनी परत आला. दुकानातल्या ट्यूबलाइट डोळ्यांत घुसतात, हिशेबाची वही दोनदा वाचूनही कळत नाही, म्हणाला. शेजारी बसलेल्या वडिलांच्या हातात सीटीचा रिपोर्ट, घडी घालून घालून मऊ पडलेला. "यात सगळं नॉर्मल आहे, मॅडम. याला कामाचा कंटाळा आलाय."

सीटी काही मिनिटांत होते, रक्ताची गाठ आणि कवटीचं फ्रॅक्चर दाखवते, ऑपरेशन लागेल का ते ठरवते. त्यासाठी तिला तोड नाही. पण ताणल्या-तुटलेल्या मज्जातंतूंचे धागे तिच्यात सहसा दिसत नाहीत. त्या इजेच्या बारीक खुणा एमआरआयमध्ये सापडू शकतात. ट्रॅक-टीबीआय या अमेरिकी अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्या ४५० जणांपैकी १२० जणांच्या एमआरआयमध्ये इजा दिसली. याचा अर्थ पहिल्या तासात एमआरआयचा हट्ट धरायचा असा नाही. तो वेळ खातो आणि अस्थिर रुग्णाला त्या नळीत ठेवणं धोक्याचं असतं. आणि एमआरआय स्वच्छ असला तरी त्रास खोटा ठरत नाही.

अशा दुखापतीला लावला जाणारा "माइल्ड" (सौम्य) हा शब्दही फसवतो. रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या, १९७४ पासून चालत आलेल्या ग्लासगो कोमा स्केलवर १३ ते १५ गुण म्हणजे माइल्ड. पण त्यात डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल एवढंच मोजलं जातं. म्हणूनच २०२५ मध्ये तज्ज्ञांनी लक्षणं, रक्त, स्कॅन आणि रुग्णाची पार्श्वभूमी एकत्र पाहणारी नवी चौकट सुचवली.

"प्यायलाय, झोपू दे", हे तर कधीच म्हणू नका. गुंगी दारूची की मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे घरी बसून कळत नाही.

आजी-आजोबा बाथरूममध्ये घसरले असतील, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पहिल्या सीटीवर विसंबू नका. मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनीही त्रास सुरू होतो. वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, वारंवार उलटी, एका बाजूची ताकद कमी होणं, फिट, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच घेऊन या. येताना पहिल्या सीटीची फिल्म किंवा सीडी सोबत आणा. दोन्ही शेजारी ठेवली की नवीन काय झालंय ते पटकन कळतं.