थंडीत पाऊस झालाय, आता पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं (नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, लासलगाव, पिंपळगाव या द्राक्ष-कांदा पट्ट्यासाठी)

मंडळी, हिवाळ्यातला पाऊस आपल्याकडे आता नवीन राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारा झाल्या, २०२३ मध्ये २६ नोव्हेंबरला आपल्याच निफाड तालुक्यात गारांनी बागा झोडपल्या, आणि मधल्या वर्षांतही डिसेंबर-जानेवारीत कधी ना कधी ढग आलेच. उत्तर भारतावर पश्चिमेकडून पावसाळी हवेचा पट्टा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, येतो, इकडून समुद्रावरचं बाष्प वर चढतं, दोन्ही आपल्या डोक्यावर गाठ पडले की पाऊस, वारा, गारा सगळं एकदम होतं, आणि मग चार दिवसांनी आभाळ मोकळं झालं की पारा एकदम खाली. म्हणजे आधी ओल आणि मागून गारठा, पिकाला दोन्ही एकापाठोपाठ बसतात.

मला या पोस्टमध्ये मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे कामाचा क्रम. पाऊस उघडला की जो तो आधी औषधाच्या दुकानात पळतो, दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि तिकडे रोपवाटिकेत पाणी तसंच तुंबलेलं असतं. तुंबलेल्या पाण्यावर कुठलंच औषध चालत नाही. आधी माणसं-जनावरं, मग फावडं, मग फवारणी. द्राक्षात फवारणीला उशीर चालत नाही हे मला मान्य आहे, पण तिथेही पाणी काढायला एक माणूस आणि औषधाला एक माणूस असं वाटून घ्या, पाण्याचं काम उद्यावर ढकलू नका.

जनावरांचं आधी सांगतो कारण तिथे काही तासांचाच खेळ असतो. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात पाऊस आणि गारठा एकत्र आला तेव्हा मेंढ्या शेकड्यांनी गेल्या, उघड्यावर वाडा होता, लोकर भिजली आणि वारं सुटलं. तुमच्या रानात मेंढ्या बसवल्या असतील तर मेंढपाळांना शेड, पडवी, पॅकहाऊस काय मोकळं असेल ते एका रात्रीसाठी द्या, निदान वाऱ्याच्या बाजूने ताडपत्रीचा आडोसा तरी करून द्या. शेळ्या, करडं, लहान वासरं भिजली तर गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडी करा, खाली कोरडा भुस्सा किंवा पाचट टाका, कोमट पाणी पाजा. खोकला, नाकातून शेंबूड, चारा सोडणं दिसलं की वाट न बघता १९६२ ला फोन करा, तो पशुवैद्यकीय सेवेचा नंबर आहे. कडब्याची गंजी भिजली असेल तर वरचा भिजलेला थर वेगळा काढून उन्हात पसरा, काळी-हिरवी बुरशी आलेला चारा जनावराला अजिबात घालू नका, नुकसान वाटतं पण गाय आजारी पडली तर त्याहून जास्त जातं.

आणि माणसं. द्राक्षाच्या कामाला पेठ, सुरगाणा भागातून आलेली मजूर मंडळी बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात, त्यांच्यासोबत लहान पोरं असतात. पावसाचा इशारा आला की त्यांना त्याच संध्याकाळी पक्क्या छताखाली आणा, रात्री बारा वाजता वारं सुटल्यावर नाही. शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय कुठे सोय होईल ते ग्रामपंचायतीत आधीच बोलून ठेवा. वीज कडाडत असताना झाडाखाली, लोखंडी अँगलच्या मांडवाजवळ कोणी थांबायचं नाही. फोनमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं. वायर तुटून पडली असेल तर काठीने सुद्धा सरकवायची नाही, १९१२ ला किंवा वायरमनला फोन करा आणि पोरांना लांब ठेवा. ओल्या हाताने स्टार्टर दाबू नका. मोटारीच्या पेटीत पाणी गेलं असेल तर वायरमनने बघितल्याशिवाय चालू करू नका, रात्रीची लाईट आहे म्हणून घाई नको, तसंही रानात पाणी द्यायचंच नाहीये आता.

आता द्राक्ष. प्रत्येकाची बाग वेगळ्या स्टेजला असते त्यामुळे शेजाऱ्याने काय मारलं ते विचारून तेच मारणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. बाग फुलोऱ्यात किंवा आत्ताच मणी सेट झालेली असेल तर डाऊनी (केवडा रोग) आणि घडकूज हीच मोठी भीती. पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली तर तो डाऊनी, आणि घडात शिरला तर घड हातचा जातो. पाऊस थांबल्या थांबल्या घडातलं पाणी झटका, तारा हलवा किंवा ब्लोअरचा नुसता फॅन चालवा, औषध न सोडता. पण जमीन गाळ असेल तर ट्रॅक्टर घालू नका, चाकोरी दाबली जाते, ट्रॅक्टर रुततो आणि पांढऱ्या मुळीची वाट लागते, त्यापेक्षा एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) आणि नळीने मारा, वेळ लागेल पण होईल. फवारणीच चालत नसेल आणि झड लागली असेल तर मॅन्कोझेबची धुरळणी हा जुना उपाय आहे, मात्र एक्सपोर्टची बाग असेल तर आधी रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, बघा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी येते, त्यात प्रत्येक औषधापुढे काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, ती यादी बघितल्याशिवाय कॅन उघडू नका. चार औषधं एका टाकीत मिसळून मारण्याने रोग चारपट थांबत नाही, उलट मण्यावर स्कॉर्चिंग (करपल्यासारखे डाग) येतं. जीएचे (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचे) डोस पुढे ढकला, नत्र पूर्ण बंद, ड्रिप बंद.

मण्यात पाणी उतरायला (मणी मऊ व्हायला) लागलेली बाग असेल, किंवा सटाणा-बागलाणसारखी अर्ली बाग काढणीला आलेली असेल, तर प्रश्न तडकण्याचा आहे. साखर भरलेला मणी बाहेरून आणि मुळाकडून दोन्हीकडून पाणी ओढतो आणि साल फाटते. तडकलेला मणी घडात तसाच ठेवला की रस गळतो, माशा बसतात आणि दोन-तीन दिवसांत शेजारचे मणी सडतात. म्हणून बायका लावून कात्रीने तडकलेले मणी काढून घ्या, आणि ते बांधावर टाकू नका, क्रेटमध्ये भरून बागेबाहेर खड्ड्यात पुरा. चार-पाच दिवसांनी आभाळ अर्धवट राहिलं की भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) डोकं काढते, पाऊस गेला म्हणून निवांत होऊ नका. आणि मग थंडी वाढली, पारा पाच-सहाच्या खाली जायला लागला की पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या करून धूर करा, तोपर्यंत जमीन वाफशावर (चिखल जाऊन नुसती ओलसर) आलेली असेल तर रात्री उशिरा हलकं पाणीही चालतं, बाग तेवढी उबदार राहते. पण जमीन अजून ओली असताना थंडीच्या भीतीने पाणी सोडू नका.

व्यापाऱ्याचं एक बोलतो. पाऊस झाला की दोन दिवसांत रेट पाडून मागणारे फिरायला लागतात, आणि घाबरलेला माणूस चांगला मालही देऊन टाकतो. आधी बाग फिरा, किती टक्के तडकलंय ते स्वतः बघा, मग बोला. अनोळखी व्यापारी असेल तर रोख घेतल्याशिवाय गाडी भरू देऊ नका, आधार आणि गाडी नंबरचा फोटो घ्या, सौदा कागदावर लिहा.

लाल कांदा काढून रानात पडलाय त्यांनी ताडपत्री टाकली असेल तर पाऊस उघडल्या उघडल्या काढा. आत वाफ धरली की कांदा एका रात्रीत घाम सोडतो आणि कोंब-सड सुरू होते. भिजलेला आणि कोरडा कांदा कधीच एकत्र करू नका, भिजलेला पातळ पसरून वारं लागू द्या आणि आधी तोच विका. ट्रॉली भरण्याआधी लिलाव चालू आहेत का ते मार्केट कमिटीत किंवा आडत्याला फोन करून विचारा, भिजत्या ट्रॉलीसह लासलगावच्या रांगेत रात्र काढणं कोणाच्याच फायद्याचं नाही.

गहू, हरभरा थोडक्यात. गव्हाला पाणी पुढे ढकला, साचलेलं काढून द्या, ओल असताना युरिया फेकू नका, आडवा झालेला गहू लहान असेल तर बराचसा उठतो, त्याला हात लावू नका. हरभऱ्यात पाणी उभं राहिलं तर मूळ कुजते, आणि ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. एकरी दोन कामगंध सापळे (गंधाने नर पतंग पकडणारे), पक्ष्यांना बसायला काठ्या, आणि फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क, एवढं वेळेत केलं तर पुढचा खर्च वाचतो.

नुकसानीचे कागद. साफसफाई करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, लोकेशन आणि तारीख येईल असे, गट नंबर बोलून व्हिडिओ काढा. पंचनाम्याची वाट बघत सडका माल बागेत ठेवू नका, एक-दोन ओळी तशाच राखा आणि बाकी साफ करा. पीक विमा असेल तर पावतीवर कोणतं कव्हर आहे ते वाचा. द्राक्षाच्या फळपीक विम्यात अवकाळी पावसाचं महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतं, गारपिटीचं कव्हर वेगळं घेतलेलं असावं लागतं आणि ते असेल तर ७२ तासांत कळवावं लागतं, त्यासाठी १४४४७ नंबर आहे, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं, म्हणून तलाठी आणि कृषी सहाय्यक येतील तेव्हा स्वतः शेतात हजर राहा. ई-पीक पाहणी राहिली असेल आणि मुदत असेल तर आजच करून टाका, सातबाऱ्यावर पीकच नसेल तर पुढचं सगळं अडतं.

शेवटचं, उन्हाळ कांद्याची रोपं. गादीवाफ्यावर टाकली असतील तर बऱ्यापैकी वाचतात, सपाट वाफ्यात टाकणाऱ्यांना जास्त फटका. वाफ्याचं तोंड फोडून पाणी बाहेर काढा, पात वाळली की मॅन्कोझेब १० लिटरला २५ ग्रॅम आणि सोबत स्टिकर नक्की घ्या, कांद्याची पात मेणचट असते, स्टिकर नसेल तर औषध घरंगळून जातं. गारांनी पात मोडली असेल तरी लगेच रोटाव्हेटर घालू नका, पाच-सहा दिवस थांबा, मधला पोंगा (आतली नवी पात) हिरवा आणि मूळ पांढरं असेल तर रोप पुन्हा उठतं. ज्यांची रोपं पूर्ण गेली त्यांनी घाबरून कुठूनही रोपं उचलू नका, वाण कोणता ते खात्रीने कळलं पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये डोंगळे (फुलाचे दांडे) आणि जोडकांदे निघतात आणि तो कांदा चाळीत टिकत नाही. ज्यांच्याकडे जास्तीची चांगली रोपं उरणार आहेत त्यांनी गावाच्या ग्रुपवर वाण, पेरणीची तारीख आणि भाव स्पष्ट लिहून टाका, जानेवारीच्या मध्यापर्यंत लागवड उरकली तर हंगाम अजून हातात आहे.