मॅरेथॉनची तयारी: प्रगती मोजताना या चुका टाळा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी जुलैपासून पळायला लागलं, की तयारीचे सहा महिने तीन निरनिराळ्या हवांमधून जातात. पावसाळ्यातला दमटपणा, मग ऑक्टोबरचा उकाडा, मग थंडी. आपण सुधारतोय की नाही, हे ठरवताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या हवेचा हिशेब न धरल्यामुळे होतात.

ऑक्टोबरचा पेस डिसेंबरच्या पेसशी ताडून पाहणं

दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे जास्त जातं आणि तोच वेग राखायला हृदयाचे ठोके वाढतात. पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्यावरून मोजलेला वेग, घसरतो. मग घाबरून लोक आठवड्याचं अंतर एकदम वाढवतात आणि पोटरी किंवा गुडघा धरतो. डिसेंबरात याच्या उलट होतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत वेग आपसूक वाढतो आणि त्यावरून मुंबईचं टार्गेट ठरतं. मुंबईच्या समुद्राकाठी, ऊन चढल्यावर, तो पेस टिकत नाही.

यासाठी महिन्यातून एकदा ठरलेली चाचणी घ्या. तोच सपाट रस्ता, पहाटेची तीच वेळ, आदल्या दिवशी विश्रांती. पंधरा मिनिटं अंग गरम करून ५ किलोमीटर ठरावीक हार्ट रेटवर पळा, समजा १४०. ठोके तेवढेच ठेवायचे आणि वेळ किती लागला ते लिहायचं. सोबत तापमान आणि रात्रीची झोपही लिहा. ऑक्टोबरची खरी तुलना गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशीच होते, म्हणून ही वही जपून ठेवा.

सावकाश पळायच्या दिवशी जोरात पळणं

माझ्या मते हौशी धावकांचं सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते. ग्रुपमध्ये कोणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलले जातात. मग सोपा दिवस सोपा राहत नाही आणि इंटरव्हलच्या, म्हणजे थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटूनपालटून पळायच्या दिवशी पायांत जोर उरत नाही. पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. तुटक शब्द निघायला लागले, की वेग कमी करा. चढावर चालावं लागलं तरी चाला.

घड्याळावर डोळे मिटून विश्वास

हृदयाच्या कमाल ठोक्यांसाठीचं २२० वजा वय हे सूत्र सरासरी सांगतं. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत वीसचाही फरक असू शकतो, तेव्हा त्यावर काढलेले झोन, म्हणजे सोप्या-जोराच्या पळण्यासाठीचे ठोक्यांचे टप्पे, तुमचे असतीलच असं नाही. शिवाय मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजतो. आरामात पळताना आकडा अचानक १७० दाखवत असेल आणि तुमची पावलंही मिनिटाला तेवढीच पडत असतील, तर तो आकडा सोडून द्या. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

साताऱ्याची वेळ सपाट शर्यतीशी लावणं

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग उतरायचा. ती वेळ पेस कॅल्क्युलेटरमध्ये (एका शर्यतीच्या वेळेवरून दुसरीचा अंदाज देणाऱ्या साधनात) घालून मुंबईचा अंदाज काढू नका. साताऱ्याची तुलना साताऱ्याशीच करा. उतारावर मांड्या किती भरून येतात, हे मात्र नक्की टिपा.

लाँग रनमध्ये फक्त अंतर मोजणं

लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, २८ किलोमीटर झाला, एवढ्याने काही कळत नाही. एकाच पेसने पळून पहिल्या अर्ध्याचे सरासरी ठोके आणि दुसऱ्या अर्ध्याचे ठोके वेगळे काढा. पाणी नीट प्यायलात, ऊनही फारसं नव्हतं, तरी दुसऱ्या अर्ध्यात ठोके बरेच चढले, तर दम अजून तयार झालेला नाही. दर लाँग रनला हा फरक कमी होत गेला, तर तयारी योग्य दिशेने चालली आहे. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना येतो. तो कितपत झेपेल, याचा अंदाज ५ किलोमीटरच्या वेळेपेक्षा या फरकावरून चांगला येतो.