एकाच वकीलपत्रावर सगळ्यांच्या सह्या? कोर्टात या चुका टाळा

अटक झाली की घरचे धावतपळत एक वकील गाठतात आणि त्याच्या एकाच वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, सगळ्या आरोपींच्या सह्या होतात. फी वाचते, धावपळ वाचते. ही घाई मला आता बघवत नाही.

दोन भावांची केस अपिलात माझ्याकडे आली. मारहाणीचा गुन्हा, दोघांचा वकील एकच. काठी थोरल्याच्या हातात होती. धाकटा भांडण संपल्यावर पोहोचला होता. साक्षीदाराला उलटतपासात एवढंच विचारायचं होतं, ‘धाकटा आला तेव्हा मार देऊन झाला होता ना?’ पण हा प्रश्न धाकट्याला सोडवतो आणि थोरल्याला अडकवतो. वकिलांनी तो विचारलाच नाही. शिक्षा दोघांना झाली. मी सगळे जबाब तीनदा वाचले, धाकट्याच्या बाजूची एक ओळ सापडली नाही. जे पुराव्यात आलंच नाही, त्यावर अपिलात बोलणार काय?

राज्यघटनेचा अनुच्छेद 22(1) अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घ्यायचा हक्क देतो. हा हक्क ज्याचा त्याचा आहे, अख्ख्या घराला मिळून एक नाही. म्हणून मी प्रत्येक आरोपीची हकिगत एकट्याने ऐकतो, नातेवाइकांना बाहेर बसवून. हकिगती जुळल्या नाहीत तर दोघांपैकी कोणाचंच वकीलपत्र घेत नाही, कारण तोवर दोघांचंही गुपित माझ्याकडे आलेलं असतं. दुसरा वकील करायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ‘मोफत मिळालेला वकील मन लावत नाही’ असं म्हणत तो नाकारणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो.

दुसरी चूक शिकलेले लोकही करतात. निर्णय देणाऱ्याचे समोरच्या पक्षाशी संबंध आहेत हे ठाऊक असतं, पण ‘निकाल काय लागतो ते बघू’ म्हणून गप्प बसतात. मानक लाल विरुद्ध प्रेमचंद या 1957च्या निकालात नेमकं हेच झालं. मानक लाल या वकिलाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने कोर्टात उभे राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करायची गरज नाही, तशी रास्त भीती पुरेशी आहे. तरीही मानक लाल हरले. आक्षेप माहीत असून वेळेवर घेतला नाही, म्हणजे तो सोडून दिला असं धरलं गेलं. त्यामुळे संबंध कळल्याबरोबर लेखी अर्ज द्या आणि त्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, झाली का, ते स्वतः बघा. तोंडी कुरकुर कुठेच टिकत नाही.

याच्या उलट, एक अर्ज फेटाळला की लगेच ‘न्यायाधीश विकले गेले’ म्हणत केस दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्या असा बदलीचा अर्ज टाकू नका. आदेश विरोधात जाणं हा पक्षपाताचा पुरावा नव्हे.

आपल्या वकिलाने पूर्वी समोरच्या पक्षाचं काम केलंय का, हे पहिल्या भेटीतच विचारा. असा संबंध सुरुवातीलाच सांगणं बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार त्याचं कर्तव्य आहे, विचारायला संकोच कसला?

आणि वकील बदलायची वेळ आलीच, तर फी थकली म्हणून तो तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2000 सालीच स्पष्ट केलंय. फाइल लेखी मागा, मागणीची पोच घ्या.