पॅप स्मिअरच्या अहवालात दोष निघाल्यावर पुढची तपासणी

पॅप स्मिअर (गर्भपिशवीच्या तोंडावरील पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (तिथल्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) चाचणीत दोष निघाला म्हणजे कर्करोगच झाला, असे समजू नये. गर्भपिशवीच्या तोंडावरील पेशींत बदल असण्याची शक्यता आहे आणि तो नीट पाहायला हवा, एवढेच तो अहवाल सांगतो. भिंगातून हे पाहण्याची तपासणी म्हणजे कॉल्पोस्कोपी. घोडे बहुधा इथेच अडते: दिंडोरी-निफाडकडे द्राक्षतोडणी सुरू असते, ‘दुखत तर काही नाही’ म्हणून तारीख पुढे जाते आणि फाइल कपाटात पडून राहते. हे बदल वर्षानुवर्षे न दुखता वाढू शकतात, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

पाळी थांबल्यानंतरच्या दिवसांतली तारीख मागावी. आधीचे 2 दिवस शरीरसंबंध टाळावा आणि योनिमार्गात औषध ठेवू नये. गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी किंवा आयोडीनची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे. मूळ अहवाल सोबत न्यावा, कारण ‘थोडा दोष आहे’ या तोंडी निरोपावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

भिंगाचे यंत्र शरीराबाहेरच राहते. प्रथम 3 ते 5 टक्क्यांचे ॲसेटिक आम्ल लावतात. व्हिनेगरचा वास येतो, किंचित चुरचुरते आणि मिनिटभरात संशयित जागा पांढरी दिसू लागते. त्या जागेवरून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायोप्सीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत तपासण्यासाठी, घेताना पाळीसारखी कळ येते. रक्त थांबवण्यासाठी औषध लावले असेल, तर नंतर चहाच्या चोथ्यासारखा काळपट स्राव जातो. त्याने घाबरू नये. मात्र पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधी असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे.

बायोप्सीत ‘सिन 1’ (पेशींतला सौम्य बदल) आल्यास तो बदल पुष्कळदा आपोआप जातो, त्यामुळे बहुधा नुसती देखरेख पुरते. ‘सिन 2’ किंवा ‘3’ (जास्त तीव्र बदल) असल्यास सहसा तेवढा भाग लीप पद्धतीने (विजेवर तापणाऱ्या बारीक तारेने) काढतात किंवा उष्णतेने नष्ट करतात. ‘पिशवीच काढून टाकू’ हा यावरचा पहिला उपाय नव्हे. असा सल्ला मिळाल्यास बायोप्सीचा अहवाल घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. खर्चाची अडचण असल्यास नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी. उपचारानंतर साधारण 6 ते 12 महिन्यांनी पुन्हा चाचणी असते. ती तारीख रुग्णालयातून निघण्यापूर्वीच विचारून फाइलीच्या पुठ्ठ्यावर लिहून घ्यावी.