डासाच्या उडायच्या स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया कसे तपासायचे, एका छातीत काम होते

डासांसाठी नागपुरात कुठं जायची गरज नाही, कूलरच्या टाकीत आठवडाभर पाणी राहू द्या, एडिस (डेंग्यूवाला डास) स्वतःच येते. पण खोलीत उडणारे डास पकडून मशीनमध्ये टाकू नका बाप्पा, त्याचं वय माहीत नाही, काय खाल्लं ते माहीत नाही. अळ्या आणा, जाळीच्या पिंजऱ्यात वाढवा, कोषातून कधी निघाले ती तारीख वहीत लिहा, आणि ५ ते ७ दिवसांच्या माद्या घ्या ज्या १० टक्के साखरेच्या पाण्यावर आहेत. रक्त प्यायलेल्या माद्या वेगळ्या ठेवायच्या, कारण रक्त प्यायल्यावर एका दिवसातच या स्नायूचा ऑक्सिजन वापर बराच उतरते, मिसळल्या की तुमचे आकडे वर-खाली होणार आणि तुम्ही मशीनला शिव्या देणार.

आधी मीही सगळ्यांसारखा मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायच्या नादात होतो, पन्नास-साठ डास कुटा, सेंट्रिफ्यूज फिरवा, हाती येते थोडासा गाळ. गरज नाही. डास बर्फावर शांत करा, डोकं, पोट, पाय, पंख काढा आणि उरलेली एक छाती सरळ रेस्पिरोमीटरच्या (ऑक्सिजन किती वेगाने संपतो ते मोजणारं मशीन) २ मिलिलिटरच्या चेंबरमध्ये सोडा. आतला चुंबकी दांडा मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांनी फिरते, त्यातच स्नायू इतका मोकळा होते की बाहेरून टाकलेला माल मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचते. तापमान २७.५ अंश ठेवा, मे महिन्यात रूमचा एसी बंद पडला तर त्या दिवशी प्रयोगच ठेवू नका.

चेंबरमध्ये भरायच्या बफरमध्ये पोटॅशियम क्लोराईड १२०, फॉस्फेट ५, मॅग्नेशियम १.५, ईजीटीए १, हेपीस ३ मिलिमोलर, पीएच ७.२, आणि ०.२ टक्के फॅटी ॲसिड काढलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन). बीएसए विसरू नका, स्नायूतून सुटलेली फॅटी ॲसिड्स ते धरून ठेवते, नाहीतर ती आतल्या पडद्यातून प्रोटॉन गळवतात. फक्त हलवताना फेस येतो, आणि फेसाचा एक बुडबुडा चेंबरमध्ये गेला की स्क्रीनवरची ऑक्सिजनची रेघ वाकडी.

ऑक्सिजन सेन्सरच्या कॅलिब्रेशनला इथं एक गंमत आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब कमी आणि पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही कमी. मोबाईलवरचा दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीचा हिशोब करून दाखवतात, मी तोच टाकत राहिलो आणि माझे सगळे आकडे साडेतीन टक्के जास्त. खोलीतल्या बॅरोमीटरचा घ्या. शून्य कॅलिब्रेशन सोडियम डायथायोनाइटने.

आता खरी गोष्ट. उंदराच्या लिव्हरचा प्रोटोकॉल उचलून इंधन म्हणून सक्सिनेट टाकू नका. मी टाकलं, रेघ हललीच नाही, दोन आठवडे वाटलं काहून माझीच छाती खराब निघून राहिली. सक्सिनेट डासाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून नीट आत जातच नाही. याला लागते पायरुव्हेट आणि प्रोलीन, दोन्ही १०-१० मिलिमोलर. ते टाकून बघा, थोडाच वेग येते, मग एडीपी (एटीपी बनवायचा कच्चा माल) टाका आणि रेघ एकदम खाली झेपावते, हेच पाह्यचं असते. नंतर सायटोक्रोम सी १० मायक्रोमोलर, त्याने वेग १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर बाहेरचा पडदा फाटला, ती छाती फेका. मग ग्लिसरॉल-३-फॉस्फेट २० मिलिमोलर, याचं एन्झाइम आतल्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला बसलं आहे म्हणून आत जायची कटकटच नाही, इलेक्ट्रॉन सरळ युबिक्विनोनला देते. म्हणूनच रोटेनोन टाकून इलेक्ट्रॉनच्या साखळीतला पहिला कॉम्प्लेक्स बंद केला तरी त्यातला वेग राहते. पण रोटेनोन एफसीसीपीच्या (हे आतल्या पडद्यातून प्रोटॉन गळवून वेग कमाल करते) नंतरच टाका, आणि एफसीसीपी थोडथोडं, वेग वाढायचा थांबेपर्यंत, जास्त झालं की उलट पडते. शेवटी ॲन्टिमायसिन, त्याने साखळी बंद पडते, उरलेला वेग सगळ्यांतून वजा करा.

ओलिगोमायसिनचा (हे एटीपी बनणं थांबवते) रन वेगळाच करा, एडीपीनंतर टाकून किती गळती आहे ते कळते.

प्रोटीन मोजायचं तर त्याच बॅचच्या वेगळ्या छात्या बीएसए नसलेल्या बफरमध्ये कुटून मोजा, नाहीतर तुम्ही बीएसएच मोजून राहिले.

आणि रोटेनोन, ॲन्टिमायसिन, ओलिगोमायसिन हे औषधं पाण्याने निघत नाहीत, चेंबर आणि झाकण अल्कोहोलने दोन-तीनदा धुवा, काही वेळ त्यातच फिरत ठेवा, मग पाणी. माझ्या एका विद्यार्थिनीने घाईत एकदाच धुतलं, आणि पुढचे सहा डास एडीपीला हललेच नाहीत.