वीरगळ पायापासून वाचायचा

गावच्या मधोमध, मारुतीसमोर किंवा पाराला टेकून, शेंदूर फासलेला उभा कोरीव दगड दिसला की बहुतेक जण वरचे चंद्र-सूर्य बघतात, हात जोडतात आणि पुढे जातात. हात जरूर जोडा, पण बघायला सुरुवात पायापासून करा. हा वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. त्याची गोष्ट जमिनीलगत सुरू होते आणि वर चढते. वरून वाचायला घेतलीत तर शेवट आधी कळतो आणि माणूस मेला कशानं, ते राहूनच जातं.

मी सातारा जिल्ह्यात एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामी गाडी घेऊन गेलं की रात्री गावात दुसरं काम नसायचं. जेवण झाल्यावर ड्रायव्हर गाडीतच आडवा व्हायचा आणि मी बॅटरी घेऊन देवळाकडे जायचो. त्या सवयीतून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी माणसं, मग दगड. गुरवाला नाहीतर पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारा. पण "हा वीरगळ आहे का?" असं नको, कारण पुष्कळ गावांत हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. "या देवाला काय म्हणता?" असं विचारा. वीर, म्हसोबा, वेताळ, सतीआई, काहीही उत्तर येईल. एका ठिकाणी आजोबा म्हणाले, "मास्तर, ह्यो आमचा म्हसोबा. अवसेला नारळ लागतो." मी वहीत म्हसोबाच लिहिलं, शेजारी वीरगळ. त्यांचं नाव खोडणारे आपण कोण? पूजेचा दिवस, मान कोणाचा, हे विचारून घ्या आणि दगड पहिल्यापासून इथेच आहे की रस्ता रुंद करताना शेतातून, ओढ्याकडून उचलून आणला तेही विचारा. हे सांगणारी माणसं एकदा गेली की ते कुठेच सापडत नाही.

आता उजेड. भर दुपारी वीरगळ सपाट दिसतो आणि मोबाइलचा फ्लॅश तर उरलंसुरलं कोरीव कामही पुसून टाकतो. तिरपा उजेड लागतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन बाजूनं येत असेल तर उत्तम, नाहीतर रात्र. एकानं बॅटरी दगडाच्या कडेला, जवळजवळ दगडाला समांतर धरायची आणि दुसऱ्यानं समोरून बघायचं. मग डावीकडून, मग उजवीकडून. ढालीची गोल कड, घोड्याचा लगाम, गाईंची शिंगं अंधारातून उठून येतात. रात्री मात्र एकटे जाऊ नका. गुप्तधनासाठी रात्री देवस्थानं उकरणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, आणि बॅटरी घेऊन दगडाभोवती घुटमळणारा परका माणूस गावाला तसाच दिसतो. पोलीस पाटलाला सांगा, गावातलं कुणीतरी सोबत घ्या.

सगळ्यात खालच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला असतो किंवा लढत असतो. इथे घाई करू नका. बाजूला गाईंची रांग असेल तर गुरं पळवून नेणाऱ्यांशी झालेल्या लढ्यात तो पडला, असा अर्थ घेतात. समोर वाघ असेल तर शिकारीत किंवा गाव राखताना. वीर पायी आहे की घोड्यावर, हातात तलवार-ढाल की धनुष्य, समोर किती जण, हे नीट टिपा. मधल्या चौकटीत वीर मधोमध आणि दोन्ही बाजूंना अप्सरा. त्या त्याला वर घेऊन चालल्या आहेत. त्याच्या वरच्या चौकटीत वीर हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला, बऱ्याचदा पलीकडे पुजारी. आणि अगदी माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे हे दोघे आहेत तोवर याची कीर्ती राहो. चौकटी कुठे तीन, कुठे चार, कुठे एकच. काही दगड चारही बाजूंनी कोरलेले असतात, म्हणून मागं जाऊन बघायचं विसरू नका. भिंतीला टेकवलेला असेल तर फटीतून मोबाइल घालून फोटो काढता येतो.

सराव करायचा असेल तर वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळात जा, किंवा कोल्हापूरजवळच्या बीडला. दोन्हीकडे इतके वीरगळ आहेत की एकाशेजारी एक ठेवून फरक कळायला लागतो. मुंबईकरांना बोरिवलीचं एकसर जवळ पडेल. तिथल्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी युद्धाशी काही अभ्यासक ती जोडतात. सह्याद्रीच्या अलीकडे गाईंसाठी आणि पलीकडे जहाजावर मेलेली माणसं एकाच धाटणीच्या दगडावर बघताना मला तरी अजून नवल वाटतं.

प्रत्येक उभा दगड वीरगळ नसतो. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला उजवा हात असेल तर ती सतीशिळा. कधी तो हात वीरगळावरच एका बाजूला असतो, म्हणजे नवरा-बायको एकाच दगडावर. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं आणि खाली गाढव व बाई असं शिल्प असेल तर तो गद्धेगळ. राजानं दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली आणि चांगली कडक. लाज वाटून किंवा अशुभ मानून लोक असे दगड पालथे घालतात. तसं होऊ देऊ नका, कारण अक्षरं बहुधा यांच्यावरच मिळतात. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख असाच गद्धेगळावर आहे. जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावरचा शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला. त्या वाचनावर वाद आहे, पण मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतलं जातं. तुमच्या गावात अक्षरं दिसली तर त्यांत खडू, पीठ, रांगोळी भरू नका, खिळ्यानं कोरून 'स्पष्ट' करू नका. कागदावर ठसा घ्यायचं काम जाणकाराचं.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. म्हणून "हा आमच्या अमुक पूर्वजाचा" किंवा "शिवकालीन" असा फलक लावायची घाई नको. अप्सरा, शिवपूजा आणि कलश असे पुरते थर असलेले वीरगळ बहुतांशी शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे महाराजांच्या कितीतरी आधीचे. दगडावर नाव नसताना आडनाव चिकटवलं की भावकीत भांडणं लागतात आणि मग दगडाकडे कुणी बघत नाही.

शेंदराबद्दल लोक मला हमखास विचारतात. खरवडू नका. तेल-शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढून जाड कवच होतं. ते कधी आपोआप गळून पडतं, पण छिन्नीनं काढायला गेलात तर त्याच्याबरोबर वीराचं नाकही येतं. तारेचा ब्रश, ॲसिड, प्रेशरचं पाणी, ऑइलपेंट यांतलं काहीच नको. शिवाय गावाचा देव तुम्ही 'स्वच्छ' केलात तर पुढच्या खेपेला पाणीही विचारणार नाहीत. जमण्यासारखं एकच आहे. गुरवाशी बोलून पायाशी एखादा वेगळा सपाट दगड बसवा. तेल-शेंदूर त्याच्यावर, वीरगळाला हार-फुलं. काही गुरव ऐकतात, काही हसतात.

शेंदरापेक्षा मला सिमेंटची जास्त भीती वाटते. निधी आला की पहिला चौथरा होतो, त्यावर टाइल बसते आणि दगड गुडघाभर आत जातो. गडप काय होतं? खालची चौकट. गाई, वाघ, पडलेला वीर, सगळं सिमेंटखाली, आणि वर राहतो फक्त कलश. जीर्णोद्धाराची चर्चा सुरू झाली की मिस्त्रीला गाठा, समितीला नंतर. कुठे रेघ मारायची ते त्याला दाखवा, खालची चौकट वर राहील एवढीच विनंती करा. ऐकणारे मिस्त्री मला भेटलेत. आधीच पुरला गेला असेल तर मात्र स्वतः उकरू नका. दगड कलंडतो, आणि गुप्तधनाचा संशय आहेच.

नोंदीसाठी टेप, वही आणि ३० सेंमीची शाळेची पट्टी पुरते. जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी घ्या. पट्टी शेजारी धरून पूर्ण फोटो, मग प्रत्येक चौकटीचा वेगळा, मग बाजू आणि पाठ. दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते आणि मोबाइलवरचं लोकेशन लिहा. तारीख टाका. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय ठेवून ठरावात घ्या. सरपंच बदलले तरी ठराव दप्तरी राहतो. दुसरी प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. तिसरी शाळेत. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, परवान्याशिवाय त्याचा धंदा करणं गुन्हा आहे. फार्महाउसच्या फाटकाशी लावायला "चांगला दगड" विकत मागणारा कुणी आला, तर ठरावाची झेरॉक्स त्याच्या हातात द्या.