दसऱ्याच्या घाईआधी शॉर्टकटची भांडणं मिटवून ठेवा

नागपुरात डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, कामाला दसऱ्याच्या तोंडावर भर येतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणात दरवर्षी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. त्या स्टॉलसाठीच्या पुस्तिका, पोस्टर, मग दिवाळीच्या जाहिराती, मग लग्नपत्रिका. एकाच संगणकावर दिवसा एक आणि रात्री दुसरा ऑपरेटर बसतो. तेव्हा कीबोर्डचे शॉर्टकट, म्हणजे दोन-तीन बटणं एकत्र दाबून झटपट काम करून घ्यायच्या सोयी, दुरुस्त करायला कुणालाच सवड नसते, म्हणून ही तयारी पावसाळ्यातल्या निवांत दुपारी करून घ्या.

आधी टेबलावर एक वही ठेवा. शॉर्टकट दाबला आणि हवं ते झालं नाही, की तिथल्या तिथे लिहायचं: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती बटणं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ‘काहीच झालं नाही’ आणि ‘भलतंच झालं’ हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना वहीत वेगळी पानं द्या.

काहीच झालं नसेल, तर बहुधा मागे चालू असलेल्या दुसऱ्याच प्रोग्रॅमने ती बटणं मधल्या मध्ये घेतलेली असतात. विंडोजमध्ये सगळीकडे चालणारा शॉर्टकट जो प्रोग्रॅम आधी नोंदवतो त्याला मिळतो. नंतर मागणाऱ्याला नकार मिळतो, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तो नकार पडद्यावर दाखवतही नाहीत. सकाळी चालणारा शॉर्टकट संध्याकाळी का चालत नाही, याचं उत्तर अनेकदा इथेच सापडतं. घड्याळाजवळचे छोटे आयकॉन उघडा. स्क्रीनशॉटचं, रेकॉर्डिंगचं, क्लिपबोर्डचं सॉफ्टवेअर एकेक बंद करत तपासा. जुना संगणक असेल तर इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे शॉर्टकटही बंद करा. कंट्रोल, आल्ट आणि बाणाचं बटण दाबल्यावर तो पडदाच फिरवतो.

भलतंच झालं असेल, तर आता भाषेकडे या, आणि इथे घाई करू नका. आपलं काम मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालतं. विंडोजमध्ये डावा आल्ट आणि शिफ्ट मिळून भाषा बदलते, तर फोटोशॉपचे आणि पानं लावायच्या इनडिझाइनचे कितीतरी शॉर्टकट आल्ट-शिफ्ट धरूनच आहेत. बोट जरा पुढेमागे पडलं की भाषा बदलते आणि पुढची ओळ भलत्याच लिपीत उमटते. मराठी काम करणाऱ्या प्रत्येक ऑफिसने निदान एवढं तरी करावंच: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज असं आत जाऊन ‘चेंज की सिक्वेन्स’मध्ये दोन्हीकडे ‘नॉट असाइन्ड’ निवडा. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार राहतोच. दोघांची लॉगिन वेगळी असतील तर हे दोन्हीकडे करावं लागेल.

दुसरी अडचण उजव्या आल्टची. ज्या कीबोर्ड लेआउटमध्ये, म्हणजे बटणांवरच्या अक्षरांच्या मांडणीत, उजवा आल्ट धरून काही अक्षरं किंवा आकडे उमटतात, तिथे विंडोज त्या बटणाला कंट्रोल-आल्टच समजतं. वर्डमध्ये कंट्रोल-आल्ट-१ म्हणजे पहिल्या पातळीचं शीर्षक. मग आकडा टाकायला जावं आणि अख्खा परिच्छेद शीर्षक होऊन बसावा. तुमचा लेआउट असा असेल तर वर्डमधले हे शॉर्टकट काढून टाका आणि नवीन कोणताही कंट्रोल-आल्टवर ठेवू नका.

मग वही पुढ्यात घेऊन, एकाच बटणांवर दोघांचा हक्क असेल तिथे माघार कोणत्या शॉर्टकटने घ्यायची ते ठरवा. सेव्ह, कॉपी, पेस्ट, अनडू यांना हात लावायचा नाही. विंडोज-एल आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट ही विंडोजची स्वतःची, ती दुसऱ्या कामाला मागू नका. बाकी जे काम दिवसभर लागतं त्याला सोपी बटणं द्या. माझं स्पष्ट मत आहे की वर्षानुवर्षं पानं लावणाऱ्या माणसाच्या बोटांची सवय मोडू नये. त्याला आधी विचारा, नव्या मुलाला नवीन सवय लवकर लागते.

बदल करताना फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये शॉर्टकटचा मूळ संच तसाच ठेवून स्वतःच्या नावाचा नवा संच करा. फोटोशॉप, हा शॉर्टकट आधी कुणाकडे आहे आणि तो तिथून निघेल, असं खाली सांगतं. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर्डमध्ये ‘करंटली असाइन्ड टू’ हेच काम करतं. लिब्रेऑफिसमध्ये शॉर्टकट अख्ख्या लिब्रेऑफिसला लावायचा की फक्त त्यातल्या मजकूर लिहायच्या रायटरला, हे वर निवडावं लागतं. दोन्हीकडे एकच असेल तर रायटरमध्ये रायटरचाच चालतो.

एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट बदलायची सोयच नसेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात ठरावीक प्रोग्रॅमपुरता शॉर्टकट बदलता येतो. पण ते चालू असेल तेवढा वेळच, म्हणून संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल असं ठेवा.

झालेलं काम पेन ड्राइव्हवर आणि शेजारच्या संगणकावर उतरवा: फोटोशॉपचा संच, लिब्रेऑफिसची सेव्ह केलेली फाइल, आणि वर्डची नॉर्मल नावाची टेम्प्लेट, कारण वर्डचे शॉर्टकट त्यातच राहतात. यादी छापून मॉनिटरशेजारी चिकटवा. फोटोशॉपमध्ये त्यासाठी ‘समराइझ’ आहे, वर्डमध्ये प्रिंटच्या पर्यायांत ‘की असाइनमेंट्स’.

शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि गेल्या वर्षीच्या पुस्तिकेच्या प्रतीवर दोन्ही ऑपरेटरना आळीपाळीने बसवा. हंगाम सुरू झाल्यावर बदल करायचाच झाला तर दुसऱ्या पाळीला सांगून, चिकटवलेल्या कागदावर तारीख टाकून करा.